सौर कृषी पंप: माळाला भला, मळीला नाही

निकाल आधीच सांगतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना दुकानातल्या वस्तूसारखी तपासली, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड-आजऱ्याच्या माळावर तिला ५ पैकी ४ गुण द्यावे लागतात आणि पंचगंगेच्या मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या रानातल्या, उसाला दीड. पंप तोच, पॅनेल तीच, अनुदानही तेच. फरक पाणी किती खोल आहे, पाइप किती इंची आहे आणि पीक कोणते आहे याचा. अर्ज भरताना या तीन गोष्टी कुणी विचारत नाही. विचारतात तो सातबारा.

सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने पंपाच्या किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. केंद्राचा वाटा २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतून येतो, उरलेला राज्याचा. राज्याचा पैसा कुठून येतो हे पाहायचे असेल, तर शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीचे वीजबिल पाहावे. १९६३ च्या महाराष्ट्र वीज विक्री कर कायद्याखाली उद्योग आणि व्यापारी ग्राहकांकडून युनिटमागे कर घेतात, आणि सौर पंपांच्या अनुदानाला त्याचाच मोठा टेकू आहे. म्हणजे माळावरची पॅनेल काही अंशी भट्टीच्या बिलातून उभी राहतात. कारखानदार यावर कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर अगदीच बिनबुडाची म्हणता येत नाही.

मिळते काय? सौर पॅनेल, लोखंडी सांगाडा, कंट्रोलर, पंप, ५ वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा. क्षमता जमिनीवर ठरते: अडीच एकरापर्यंत ३ एचपी, अडीच ते ५ एकर ५ एचपी, त्यावर साडेसात. लहान पंप मागता येतो, मोठा नाही. पाणी विहिरीचे, बोअरचे किंवा बारमाही नदी-ओढ्याचे हवे. जलसंधारणाच्या कामांत साठवलेल्या पाण्यावर हा पंप लावता येत नाही.

घ्यावा कुणी, हा खरा प्रश्न. एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना बळीराजा मोफत वीज योजना लागू आहे. ज्याच्या विहिरीवर आधीच लाईटची मोटर आहे, त्याचे सौर पंपाने बिलात काही वाचत नाही, कारण बिलच नाही. त्याची अडचण वेगळी: रात्रपाळीची. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणे धरून बसले होते ते शेतीला दिवसा वीज द्या म्हणूनच. त्या दुखण्यावर सरकारचा इलाज मात्र वेगळा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून अख्खा शेतीफीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणारी वाहिनी, दिवसा चालवायचा. आपला फीडर त्यात येतोय का, हे शाखा कार्यालयात आधी विचारावे. येत असेल, तर चालू कनेक्शन हातचे घालवण्यात शहाणपण नाही.

सौर पंप आहे तो ज्याच्या शिवारात डीपी (रोहित्र) नाही, खांब नाही, आणि जो कनेक्शनचे पैसे भरून बसला आहे त्याच्यासाठी. नव्या कनेक्शनला गेलेल्याला आता सौर पंपाचाच रस्ता दाखवतात. त्यामुळे ‘मागेल त्याला’ या नावात थोडी गंमत आहे. मागणाऱ्याने लाईट मागितली होती.

आता पाण्याचा हिशोब. सगळ्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

केंद्राच्या मानकाप्रमाणे ३ एचपीला साधारण ३,००० वॅट, ५ एचपीला ४,८०० आणि साडेसातला ६,७५० वॅट पॅनेल लागतात. ५४० वॅटची पॅनेल असतील तर अनुक्रमे ६, ९ आणि १३. डीसी पंपाने एका वॅटमागे दिवसाला किती पाणी द्यावे, हेही त्यात ठरलेले आहे: एकूण हेड (पाणी चढवायची उंची अधिक पाइपातले घर्षण) ३० मीटर असेल तर ३५ लिटर, ५० मीटरला २१, ७० मीटरला १४. गुणाकार करा. ३ एचपी पंप ३० मीटरवर दिवसाला लाखभर लिटर देतो, ५० मीटरवर ६३ हजार. ५ एचपी ३० मीटरवर १ लाख ६८ हजार, ५० मीटरवर लाखभर. मानकात धरलेले ऊन भरपूर आहे, दर चौरस मीटरला दिवसाला ७.१५ युनिट. असे ऊन आपल्याकडे उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशीच. एरवी पाव हिस्सा कमी धरावा आणि जुलैत हिशोबच करू नये. जुलैत गगनबावड्याला पाणी पाजायला कोण जाते म्हणा.

लाख लिटर म्हणजे किती? एक एकर रान एक इंच भिजेल इतके. उसाला सरीने एक पाळी द्यायची तर तीन इंच लागतात, म्हणजे ३ एचपीच्या पंपाला एका एकराला तीन दिवस. कागदावर हे चालेलसे वाटते. सरीत चालत नाही. भर दुपारी या पंपाची धार सेकंदाला ४ लिटर असते. काळ्या रानात लांब सरी असेल तर पाणी टोकाला पोचण्याआधी मुरते. वर ढग आला की धार निम्मी होते, पुढे गेलेले पाणी जागेवरच जिरते, आणि ऊन आल्यावर तीच भिजलेली सरी पुन्हा पहिल्यापासून भरावी लागते. सरीचे तोंड जास्त पाणी पिते, टोक तहानलेले राहते. पंपात दोष नसतो. लाईटच्या मोटरीसाठी पाडलेल्या सऱ्यांत हा पंप जोडलेला असतो.

ठिबकवर तेच लाख लिटर वेगळे दिसतात. भर उन्हाळ्यात उसाला एकरी दिवसाला २५ ते २८ हजार लिटर पुरतात. स्वच्छ दिवशी साडेतीन एकर निघते. ढगाळ दिवस आणि गळती धरून अडीच एकर बिनघोर धरावे. ठिबकला दाब लागतो, फिल्टरसह १० ते १५ मीटर, आणि तो हेडमध्ये मिळवायचा असतो. सकाळी नऊच्या आधी आणि चारनंतर तेवढा दाब बसत नाही. म्हणून व्हॉल्व्हचे भाग लहान पाडावेत, एका वेळी एकच भाग चालवावा. दाब नसताना ठिबक सुरू ठेवले की लॅटरलच्या, म्हणजे पिकाच्या ओळीतल्या नळीच्या, टोकाचे ड्रिपर कोरडे राहतात आणि गाळ तिथेच बसतो. माळावर उंचवट्याला हौद किंवा शेततळे असेल तर याहून सोपे काही नाही: दिवसभर हौद भरायचा, पाणी उताराने सोडायचे. भुईमूग, सोयाबीन, भाजीपाला, आंबा-काजूची नवी लागण, गोठ्याचे पाणी. अशा रानाला आम्ही ४ गुण दिले आहेत.

हेड कसे काढायचे? विहिरीतली पाण्याची पातळी मेअखेरची धरा. सप्टेंबरात तुडुंब विहीर बघून हेड लिहून देणारे सर्वेक्षण म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची तक्रार. त्यात शेताचा चढ मिळवा, आणि शेवटी पाइपातले घर्षण. हे शेवटचे सगळे विसरतात. ५ एचपीचा पंप भर उन्हात सेकंदाला साडेसहा लिटर देतो. एवढे पाणी २ इंची, म्हणजे ६३ मिमी, पाइपातून ढकलले तर १०० मीटरमागे जवळपास १० मीटर हेड घर्षणातच जाते. अडीच इंचीत ४ मीटर, ३ इंचीत दीड-पावणेदोन.

समजा मे महिन्यात पाणी १२ मीटर खाली, शेत ८ मीटर वर आणि पाइप ३०० मीटर. घरात पडलेला जुना २ इंची पाइप वापरला, तर ३ इंचीच्या तुलनेत पाण्याचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. पॅनेल कमी पडतात, कंपनीने फसवले, असा आरडाओरडा होतो तिथे पुष्कळदा पाइप दोन इंची निघतो. योजनेत लांबचा पाइप येत नाही. तो खर्च आपला. ३ एचपीच्या पंपाला सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातो आणि ३ इंची पाइपाला तितकेच किंवा जास्त लागू शकतात. हा आकडा आधी धरा, मग अर्ज करा.

पंपाच्या हेडचाही पर्याय असतो: ३० मीटरचा, ५० चा, ७० चा, १०० चा. ‘असू दे जास्तीचा’ म्हणून १०० मीटरचा पंप २५ मीटरच्या विहिरीत सोडला तर पाणी कमीच मिळते, कारण जास्त टप्प्यांचा पंप उंच चढवण्यासाठी बनवलेला असतो, जास्त धारेसाठी नाही. उलट ३० मीटरचा पंप खोल बोअरला लावला, तर सकाळ-संध्याकाळ मोटर फिरते आणि पाइपाच्या तोंडाला थेंब येत नाही. आपले हेड कागदावर काढून सर्वेक्षणाला येणाऱ्याच्या हातात द्या, त्याच्या फॉर्मवर तोच आकडा लिहिला गेला का ते बघा आणि मग सही करा.

अर्जाची बाजू तुलनेने सुटसुटीत आहे. महावितरणच्या पोर्टलवर अर्ज, आधार, बँक पासबुक, सातबारा, लागू असेल तर जातीचा दाखला. दोन ठिकाणी गाडी अडते. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद नसते. वीस वर्षे पाणी उपसलेली विहीरसुद्धा कागदावर नसते, म्हणून आधी तलाठ्याकडे नोंद करून घ्यावी. दुसरे, सामाईक सातबारा: सगळ्या हिस्सेदारांचे ना हरकत पत्र स्टँप पेपरवर लागते आणि त्यातला एक चुलतभाऊ हमखास पुण्यात असतो. नदीतून पाणी घ्यायचे असेल तर जलसंपदा विभागाची उपसा परवानगी वेगळी. उन्हाळ्यात उपसाबंदी लागली, तर ती सौर पंपालाही लागते. ऊन फुकट असले तरी कोल्हापुरी बंधाऱ्यातले पाणी वाटणीचे आहे.

हिस्सा भरल्यावर पुरवठादार आपण निवडायचा असतो. इथे बहुतेकजण यादीतले पहिले नाव टिचकीसरशी निवडतात, आणि तो या खरेदीतला सर्वात महागडा निर्णय ठरू शकतो. योजनेतले पंप कायम चुंबकाच्या डीसी मोटरीचे असतात. साधी मोटर जळली तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिवाइंडिंग करून दोन-चार दिवसांत पुन्हा विहिरीत सोडता येते. या मोटरीला तिच्याच कंट्रोलरची जोड लागते आणि गावच्या मेस्त्रीला तिच्यात हात घालता येत नाही. कंपनीचा माणूस आला नाही तर पंप बंद, मग हमी ५ वर्षांची असो की ५० ची. म्हणून ब्रँडपेक्षा आपल्या तालुक्यात त्या कंपनीचे पंप किती चालू आहेत आणि तिचा दुरुस्तीवाला कुठे राहतो, ते शोधा. दोन वर्षे जुन्या पंपाच्या मालकाला विचारलेला एक प्रश्न कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा कामाचा: कंट्रोलर बिघडल्यावर किती दिवस लागले?

बसवायच्या दिवशी घाई करू नका. पॅनेल मोजा, मागच्या स्टिकरवरच्या वॅटची बेरीज करा, अनुक्रमांकांचे फोटो काढा. पंपाच्या पाटीवर एचपी आणि हेड वाचा. तोंड दक्षिणेला, कल १६-१७ अंशांच्या आसपास. नदीकाठच्या काळ्या जमिनीत पायाचा खड्डा उथळ घेतला की उन्हाळ्यात भेगा पडून सांगाडा कलतो. खड्डा मुरमापर्यंत किंवा घट्ट थरापर्यंत जायला हवा. वळवाच्या वाऱ्यात पहिल्याच वर्षी नट ढिले होतात, तेव्हा एप्रिलआधी पाना फिरवून घ्यावा. वीजरोधक आणि अर्थिंग नुसते दाखवायला ठोकलेले असते. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ गेले का, ते उभे राहून बघा. वळवाच्या एका कडाडण्यात कंट्रोलरचे कार्ड जाते.

मग चाचणी. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान, स्वच्छ उन्हात, २०० लिटरचे बॅरल पाइपाखाली धरा. ३० मीटर हेडवर ३ एचपीने ते ५० सेकंदांत भरायला हवे, ५ एचपीने तिशीत. मिनिट-दीड मिनिट लागत असेल तर पाइप, हेड आणि पॅनेलची जोडणी तपासून होईपर्यंत पूर्णत्वाच्या कागदावर सही नको. एक सावधगिरी: ९ पॅनेल ओळीत जोडली की ४०० व्होल्टच्या वर डीसी करंट असतो. पॅनेल उन्हात असेपर्यंत तो बंद होत नाही, आणि चालू लोडवर जोड उपसला तर ठिणगी विझत नाही. आधी कंट्रोलरचा स्विच बंद, मगच वायरला हात.

कोल्हापूरचे म्हणून काही त्रास आहेत, ते माहितीपत्रकात सापडत नाहीत. पहिला उसाचाच. पॅनेल बसवताना मेमध्ये ऊस गुडघ्याएवढा असतो, डिसेंबरात बारा फूट. पॅनेलची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर असेल तर थंडीतल्या कलत्या सूर्यात दक्षिणेचा ऊस दुपारी सहा-सात फूट सावली टाकतो, पूर्व-पश्चिमेचा सकाळ-संध्याकाळ पंधरा फूट. पॅनेल ओळीत जोडलेली असल्याने एका कोपऱ्यातली सावलीसुद्धा सगळ्यांच्या पाण्यात कपात करते. दक्षिणेला दहा फूट, पूर्व-पश्चिमेला पंधरा फूट रान मोकळे ठेवा किंवा तिथे भुईमूग-हरभरा घ्या. थोडे रान जाते, पण इलाज नाही.

दुसरा त्रास पाचटाचा. तोडणीनंतर शेजारी फड पेटवतो आणि बांधावरून गेलेली उघडी केबल जळते. केबल जाड एचडीपीई पाइपातून, फूट-दीड फूट खोल पुरूनच घ्यावी. गुऱ्हाळाची काजळी आणि साखर कारखान्याच्या चिमणीची राख हंगामभर काचेवर बसते. ती धुळीसारखी झटकून जात नाही, चिकटते. त्या पट्ट्यात आठवड्याला एकदा, सूर्य वर येण्याआधी, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावे. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

तिसरा पुराचा, आणि मळीचे गुण कापले जातात ते इथे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेले. चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत पाणी चढायला लागले की मोटरी वर काढायची धावपळ ठरलेली. मोटर काढता येते, ९ पॅनेल आणि सांगाडा नाही. पॅनेल पूररेषेच्या वर बसवून केबल लांब न्यायची तर जमते: ५ एचपीला ४ चौरस मिमी तांब्याच्या तारेने १०० मीटरवर तीनएक टक्केच नुकसान होते. पण ती जादा तार आपल्या खर्चाची, आणि चोरांच्या डोळ्यात भरणारी. शिवाय नदीवरून चढाने लांब पाणी नेणाऱ्याला साडेसात एचपी पुरत नाही. ६,७५० वॅट ७० मीटर हेडवर दिवसाला ९४-९५ हजार लिटर देतात. आडसाली उसाच्या पाच एकरांना ते कसे पुरणार? तिथे पाणीपुरवठा संस्थेची सामाईक योजनाच खरी. वैयक्तिक सौर पंप तिची जागा घेत नाही.

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडकडे वेगळीच बाजू आहे. तिथे दिवसा पाणी म्हणजे गव्याशी आणि हत्तीशी रात्री गाठ न पडणे. एवढ्या एका कारणासाठी तिथला शेतकरी कमी पाणीही चालवून घेईल, आणि ते बरोबर आहे. सांगाड्याभोवती मात्र कुंपण हवे; गव्याला पाठ घासायला लोखंडी खांब आवडतो. डोंगरकपारीत मोबाइलला रेंज नसली की कंट्रोलरमधल्या सिमवरून माहिती जात नाही. पंप त्यामुळे थांबत नाही, फक्त कंपनीला बिघाड लांबून दिसत नाही, म्हणून तक्रार आपणच नोंदवावी लागते.

तक्रार करताना ‘पंप चालत नाही’ एवढेच सांगू नका. कंट्रोलरच्या पडद्यावरचा एरर कोड, वेळ आणि ऊन-ढग लिहून द्या. उन्हाळ्यात सर्वात जास्त येणारा कोड कोरड्या चालीचा असतो: विहीर तळाला गेली, पंपाने स्वतःला बंद केले. तो बिघाड नाही. अर्धा-पाऊण तास थांबून पाणी साठू द्यावे. ते संरक्षण काढून टाकायला लावले तर मोटर जाते आणि हमीही जाते. चोरी किंवा वादळाने नुकसान झाले तर त्याच दिवशी पोलिसांत किंवा तलाठ्याकडे नोंद, फोटो आणि कंपनीला लेखी खबर. उशीर झाला की विमा कंपनीचे प्रश्न वाढतात. पॅनेलच्या अनुक्रमांकांचे फोटो बसवायच्या दिवशीच काढून ठेवायला सांगितले, ते यासाठी. पंप दुसऱ्या रानात हलवणे किंवा विकणे योजनेत बसत नाही, तेव्हा भावकीत वाटणी होणार असेल तर ती अर्जाआधी उरकून घ्या. आणि पाचवे वर्ष संपायच्या दोन महिने आधी कंट्रोलर, पंप आणि केबल एकदा कंपनीकडून तपासून घ्या, नव्या कंट्रोलरचा दरही लेखी मागून ठेवा.